मुलांना कोणता इतिहास सोपवावा?

आमच्या घरी रात्रीचे जेवण झाले की कौटुंबिक प्रार्थना होते. शास्त्रपाठ, एखादे गीत, प्रार्थना; आणि मुले लहान होती तोवर शेवटी एक गोष्ट. पतीच्या नोकरीमुळे आमचा संसार महाराष्ट्राबाहेर झाला. तेथील मंडळीची रविवारची शाळा हिंदीत भरे. मराठी उरली ती घरापुरती. त्यामुळे मराठी शास्त्रवाचन आणि ख्रिस्तमंडळीच्या पहिल्या शतकांचा परिचय ही दोन्ही कामे घरातच करावी लागली, आणि ती माझ्याकडे आली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या अनेक वाचक कुटुंबांचा अनुभव याहून फारसा निराळा नसेल.

मी सांगत असे त्या गोष्टी आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ८६ वर्षे ख्रिस्ताची सेवा केल्यावर त्याची निंदा करण्यास नकार देणारा स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प; इ.स. २०३ मध्ये तान्ह्या बाळाला मागे ठेवून कार्थेजच्या आखाड्यात मरणाला सामोरी गेलेली तरुण पर्पेतुआ, इ.स. १७७ मध्ये गॉल देशातील ल्योन नगरात, छळणारे हात थकले तरी न खचलेली दासी ब्लांदीना. मुले श्वास रोखून ऐकत. माझे काम मी चोख बजावीत आहे, असे मला वाटत असे.

धाकटा मुलगा चौदा वर्षांचा असताना शाळेच्या सहलीला गेला होता. मुक्कामाच्या रात्री मुले गप्पा मारीत बसली असता कोणीतरी ख्रिस्ती लोकांची थट्टा केली. ती कोणाला उद्देशून नव्हती. मुलांच्या गप्पांत होते तशीच होती. मग एकाने याला विचारले, "तुम्ही कोण?" आमचे आडनाव असे आहे की त्यावरून काही कळू नये. याने भलतेच काही सांगितले आणि हसणाऱ्यांबरोबर तोही हसला. ही गोष्ट त्याने चार महिने मनात ठेवली. एका रात्री मी पुन्हा पर्पेतुआची कथा सुरू केली, तेव्हा तो ताडकन उठून आत गेला. मी मागोमाग गेले. बऱ्याच वेळाने त्याने सारे सांगितले आणि म्हणाला, "आई, तुझ्या गोष्टींत सगळे सिंहापुढे उभे राहतात. जे उभे राहिले नाहीत त्यांचं पुढे काय झालं, ते तू कधी सांगितलंच नाहीस."

मी म्हटले, "पेत्राची गोष्ट तुला ठाऊक आहे ना?"

तो म्हणाला, "पेत्राला येशू स्वतः भेटला. मी बाकीच्यांचं विचारतोय."

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. तो झोपल्यावर मी युसेबियसचा मंडळीचा इतिहास कपाटातून काढला. ब्लांदीनाची हकीकत ज्या पत्रातून आपल्याला मिळते ते ल्योन व व्हिएन येथील मंडळ्यांचे पत्र युसेबियसने आपल्या ग्रंथात उतरवून घेतले आहे. त्याच पत्रात, ब्लांदीनाच्याच शेजारी, सुमारे दहा जण प्रारंभी कच खाऊन ख्रिस्ताला नाकारते झाले असे स्पष्ट लिहिले आहे. बिब्लिस नावाच्या स्त्रीने तर नकार दिलाच होता. ख्रिस्ती लोकांविरुद्ध खोटी साक्ष वदवून घेण्यासाठी तिचा पुन्हा छळ करण्यात आला, आणि त्या यातनांत ती जणू झोपेतून जागी झाली. ती उलटून बोलली, स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेतले आणि रक्तसाक्ष्यांत तिची गणना झाली. नाकारणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढे असेच परतले. माझ्या प्रतीत त्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती. म्हणजे सेमिनरीत असताना मी त्या वाचल्या होत्या. घरी गोष्ट सांगताना मात्र मीच त्या गाळल्या होत्या. माझ्या मुलाला जी व्यक्ती हवी होती ती त्या कथेत होती, आणि मी तिला बाहेर ठेवले होते.

आपल्या विश्वासातील पूर्वजांचे पतन मुलांपासून झाकून ठेवावे की नाही, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मागे आहे. झाकणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मी गाळले ते प्रेमापोटीच. पण प्रेमापोटी केलेली गोष्ट योग्य असतेच असे नाही.

झाकण्याच्या बाजूने जे म्हटले जाते ते हलके नाही. मुलाचे मन कोवळे असते. आधी मूळ धरू द्यावे, वाऱ्याची ओळख मागाहून करून द्यावी, असे शहाणी माणसे म्हणतात. दुसरे असे, की या देशात आपण संख्येने थोडे आहोत. आपल्याविषयी बरेवाईट बोलणारे बाहेर पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती द्यायचे दगड आपणच आपल्या मुलांच्या खिशात का भरावेत? हा प्रश्न एका वडीलधाऱ्या पाळकांनी मला विचारला होता, आणि त्यांच्या स्वरात भीती नव्हती, काळजी होती. म्हणूनच त्याला उत्तर देणे आवश्यक आहे.

माझे उत्तर मला धर्मशास्त्रापेक्षा भाषांतराच्या कामातून मिळाले. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल प्रभुभोजनाविषयी लिहितो. प्रभूपासून जे मिळाले तेच मी तुमच्या स्वाधीन केले, असे तो सांगतो, आणि त्याच वाक्यात, येशूला ज्या रात्री शत्रूंच्या स्वाधीन करण्यात आले त्या रात्रीचा उल्लेख करतो. मूळ ग्रीकमध्ये या दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. जुन्या लॅटिन बायबलातही तसेच. मराठीत आपण येथे दोन निराळी क्रियापदे वापरतो, आणि ते योग्यच आहे; पौलाने शिकविले आणि यहूदाने धरून दिले, या दोन क्रिया वाचकाच्या मनात एक होता कामा नयेत. तरीही त्या ओळीवर काम करताना मी फार वेळ थांबले. वारसाच्या हाती ठेव देणे आणि शत्रूच्या हाती माणूस देणे, या दोन्ही कृतींत हाताची हालचाल तीच असते. काय दिले, कोणाला दिले आणि कशासाठी दिले, यावरून ती विश्वासाची कृती की घाताची, हे ठरते.

मंडळीच्या इतिहासात या शब्दाला पुढे रक्ताचा रंग चढला. इ.स. ३०३ च्या फेब्रुवारीत सम्राट डायोक्लेशियनचे फर्मान निघाले की ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळे पाडावीत आणि त्यांचे शास्त्रग्रंथ जाळावेत. ज्यांनी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले त्यांना लॅटिन भाषिक मंडळ्यांत 'त्रादितोर' म्हणू लागले. त्याच क्रियापदापासून बनलेला हा शब्द, अर्थ 'हवाली करणारा'. मुलांना या काळाची ओळख करून द्यायची असेल तर उत्तर आफ्रिकेतील किर्ता नगरीची हकीकत मला सर्वांत उपयोगी वाटते. किर्ता म्हणजे आजच्या अल्जीरियातील कॉन्स्टंटाईन.

त्या वर्षी १९ मे रोजी नगराचा अधिकारी मुनातियस फेलिक्स आपल्या कारकुनांसह ख्रिस्ती लोक जेथे जमत त्या घरी आला. तेथे काय बोलणे झाले, काय सापडले, याची कारकुनाने केलेली नोंद पुढे इ.स. ३२० मध्ये एका न्यायालयीन चौकशीत वाचण्यात आली, आणि म्हणून ती आज आपल्या हाती आहे. बिशप पौल आणि त्याचे वडील बसलेले आहेत. डीकन व उपडीकन उभे आहेत. ग्रंथ मागितले असता बिशप सांगतो की ते वाचकांकडे असतात. पण येथे जे आहे ते देतो. मग वस्तूंची यादी सुरू होते: सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा, चांदीचे व पितळेचे दिवे, स्त्रियांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांच्या पायताणांचे १३ जोड, स्त्रियांच्या पायताणांचे ४७ जोड. ग्रंथांची कपाटे मात्र रिकामी. शेवटी एक उपडीकन एक मोठा ग्रंथ आणून देतो. वाचक कोठे राहतात असे विचारल्यावर दोघे उपडीकन म्हणतात की आम्ही विश्वासघातकी नाही, हवे तर आम्हांला मारून टाका. त्यांना अटक होते. आणि तरीही त्याच दिवशी कारकून घरोघर जातात आणि वाचक आपापल्या घरांतून ग्रंथ काढून देतात: कोणी चार, कोणी पाच, कोणी आठ.

सुट्टीत माझी आठ वर्षांची नात येते, तेव्हा तिला मी ही हकीकत सांगते. नकाशा आधी उघडते. किर्ता आफ्रिकेत, ल्योन फ्रान्सात, स्मुर्णा आजच्या तुर्कस्तानात. आणि सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या प्रवासी लेखकाने इराणातून नेमलेला बिशप जेथे होता असे लिहून ठेवले ते 'कल्लियाना' बहुतेक अभ्यासकांच्या मते आपले कल्याण. आरंभीची मंडळी म्हणजे युरोपची मंडळी, ही समजूत एका नकाशाने दूर होते. मग यादी वाचते. लहान मुलाला सम्राटापेक्षा पायताणे अधिक कळतात. नातीने विचारले, "बायकांच्या चपला इतक्या कशाला?" गरिबांना वाटण्यासाठी त्या जमविल्या असाव्यात, असे अभ्यासकांचे अनुमान आहे, असे मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्या विधवा मग अनवाणीच राहिल्या." छळ म्हणजे काय, हे मी तिला याहून चांगल्या रीतीने सांगू शकले नसते. सिंह दूर होते. चपला दाराशी होत्या.

आणि पतनाचे काय? तेही त्याच यादीत आहे. त्या दोघा उपडीकनांच्या बरोबरीने सिल्वानस नावाचा आणखी एक उपडीकन उभा होता. घागरीमागे सापडले असे सांगून त्याने चांदीची एक पेटी व एक दिवा काढून दिला. कोणी जीव द्यायला तयार, कोणी चांदीची पेटी शोधून द्यायला तत्पर. आणि दोघेही एकाच खोलीत, एकाच मंडळीचे सेवक. मूल या ठिकाणी "हा वाईट, तो चांगला" असे पटकन म्हणते. म्हणू द्यावे. पण मग विचारावे, "आणि ज्यांनी घरातून ग्रंथ काढून दिले, त्यांच्या घरात लहान मुले असतील का?" निवाडा करण्याआधी थोडे थांबणे, हा या इतिहासातून मुलाला मिळणारा पहिला संस्कार असावा, असे मला वाटते.

थोड्या मोठ्या मुलांपुढे त्याच वर्षातील आणखी दोन माणसे ठेवता येतात. थिबिउका येथील बिशप फेलिक्स याने ग्रंथ आपल्यापाशी आहेत पण देणार नाही, असे सरळ सांगितले आणि त्याचा वध झाला. कार्थेजचा बिशप मेन्सुरियस याने शास्त्रग्रंथ लपविले आणि प्रार्थनास्थळात पाखंडी लोकांची पुस्तके ठेवून दिली. अधिकारी तीच घेऊन गेले. मेन्सुरियसने ग्रंथ वाचविले की खोटेपणा केला? आमच्या जेवणाच्या टेबलावर या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही. तो मी लावूनही देत नाही. उत्तर पाठ करणारे मूल परीक्षेत उत्तीर्ण होते. प्रश्न बाळगणारे मूल प्रसंग आल्यावर आठवण ठेवते.

आता माझ्या मुलाच्या प्रश्नाकडे वळते. "बाकीच्यांचं काय झालं?" याचे उत्तर किर्ताच्या पन्नास वर्षे आधीच्या कार्थेजमध्ये आहे. इ.स. २५० च्या सुमारास सम्राट डेसियसने हुकूम केला की साम्राज्यातील सर्वांनी देवतांना बली अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले मिसर देशाच्या वाळूत सापडले आहेत. एकावर डायोजिनीस नावाच्या, ७२ वर्षांच्या, उजव्या भुवईवर व्रण असलेल्या माणसाची नोंद आहे, अगदी आपल्या शाळेच्या दाखल्यावर असते तशी. तो ख्रिस्ती होता की नव्हता हे त्यावरून ठरत नाही. दाखला सर्वांनाच लागे. पण ख्रिस्ती लोकांपैकी पुष्कळांनी बली अर्पण केला, पुष्कळांनी पैसे चारून नुसताच दाखला मिळविला. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः शहर सोडून लपून राहिला आणि पत्रांद्वारे मंडळी सांभाळीत राहिला. यावरून त्याला बोल लावणारे तेव्हाही होते.

छळ ओसरल्यावर पडलेले लोक दाराशी आले. मंडळीपुढे दोन सोपे मार्ग होते. तुरुंगवास भोगून आलेल्यांपैकी काही जण पडलेल्यांना क्षमेची पत्रे सढळ हाताने देऊ लागले होते. ती पाहून सर्वांना तत्काळ आत घ्यावे, हा पहिला. रोमच्या नोव्हेशियनने दुसरा मार्ग धरला: जो पडला त्याला मंडळीने पुन्हा कधीच सहभागितेत घेऊ नये. सिप्रियनने दोन्ही नाकारले. इ.स. २५१ मध्ये कार्थेज येथे बिशपांची सभा भरली आणि ठरले की पश्चात्ताप करणाऱ्यासाठी दार बंद नाही. पण वाट लांब आहे. ज्यांनी केवळ दाखला घेतला होता त्यांना परीक्षेनंतर घ्यावे. ज्यांनी प्रत्यक्ष बली अर्पण केला होता त्यांनी पश्चात्तापात राहावे, आणि मरणकाळी त्यांना सहभागिता नाकारू नये. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच, लढाईला निघणाऱ्यांना निःशस्त्र पाठवू नये म्हणून, त्यांनाही आत घेण्यात आले. सिप्रियन स्वतः १४ सप्टेंबर २५८ रोजी तलवारीने मारला गेला. लपलेला माणूसही तोच आणि उभा राहिलेला माणूसही तोच.

हे सारे मी माझ्या मुलाला एका रात्रीत सांगितले नाही. दोनतीन आठवडे लागले. बिब्लिसची गोष्ट पहिल्या रात्री सांगितली. ती ऐकून तो काही बोलला नाही. सिप्रियनच्या सभेबद्दल सांगितले तेव्हा त्याने विचारले, "पण इतकी लांब वाट कशाला? देव तर लगेच क्षमा करतो ना?" मी सांगितले की देवाच्या क्षमेला वेळ लागत नाही, आपल्याला ती खरी वाटायला वेळ लागतो, आणि ज्यांनी घरदार गमावले त्यांच्या शेजारी पुन्हा बसायला तर त्याहून अधिक. हे उत्तर पुरेसे होते की नाही, मला ठाऊक नाही. पुढच्या सहामाहीत एकदा तो शाळेतून आला आणि दप्तर ठेवता ठेवता सहज म्हणाला, "सांगितलं आज. त्या मुलाला." आणि जेवायला बसला. मीही अधिक विचारले नाही.

कुमारवयीन मुलांच्या बाबतीत मात्र येथेच थांबता येत नाही. कारण या इतिहासातील सर्वांत कठीण पान पुढे आहे, आणि त्यात पडलेले लोक दोषी नाहीत; न पडल्याचा अभिमान बाळगणारे आणि त्यांना वठणीवर आणणारे दोषी आहेत. कार्थेजचा बिशप सीसिलियन याच्यावर हात ठेवणाऱ्यांत एक 'त्रादितोर' होता, असा आरोप करून न्युमिदियातील बिशपांनी दुसरा बिशप नेमला. इ.स. ३१५ मध्ये चौकशी होऊन तो आरोप खोटा ठरला. पण तोवर मंडळी दुभंगली होती. या शुद्धतावाद्यांना पुढे दोनातिस्ट हे नाव पडले. आणि आरोप करणाऱ्या बिशपांत कोण होता? किर्ताचा सिल्वानस. चांदीची पेटी काढून देणारा उपडीकन आता बिशप झाला होता. इ.स. ३२० मध्ये जी नोंद न्यायालयात वाचली गेली, ती त्याच्याच विरुद्ध.

मुलांना हा योगायोग फार आवडतो. पकडला गेला, असे म्हणून ती हसतात. पण पुढचे ऐकून हसू थांबते. दुभंग शंभर वर्षे टिकला. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन प्रथम म्हणे की विश्वास बळाने लादता येत नाही. पुढे त्याचे मत बदलले. इ.स. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांची सभा झाली. निकाल दोनातिस्टांविरुद्ध गेला. पुढल्या वर्षी सम्राटाच्या हुकमाने त्यांच्यावर दंड बसले, त्यांची प्रार्थनास्थळे काढून घेण्यात आली. या बळजबरीचे समर्थन ऑगस्टिनने आपल्या पत्रांतून केले. ज्याच्या लेखणीतून देवाच्या कृपेविषयी इतके खोल लिहिले गेले, त्याच्याच लेखणीतून हेही लिहिले गेले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्या दाराशी कारकून यादी घेऊन आला होता, त्यांच्या वारसांनी तीच यादी दुसऱ्याच्या दाराशी पाठविली.

हे सोळा वर्षांच्या मुलाला सांगावे काय? सांगावे. पाळकांच्या काळजीला माझे पहिले उत्तर व्यवहारी आहे. हे मूल उद्या महाविद्यालयात जाईल आणि कोणाच्या तरी तोंडून हे ऐकेलच. त्या दिवशी ऑगस्टिन चुकला, एवढेच त्याला कळणार नाही. आईवडिलांनी लपविले, हेही कळेल. ऑगस्टिनची चूक विश्वासाला पेलते. घरातील लपवाछपवी पेलत नाही.

पण हे उत्तर पुरेसे नाही. सापडू या भीतीने बोललेले सत्य म्हणजे सत्यावरील प्रेम नव्हे. खरे उत्तर शुभवर्तमानातच आहे. पेत्राने प्रभूला नाकारल्याची हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे. ती लिहिली गेली तेव्हा पेत्राचे नाव मंडळ्यांत आदराने घेतले जात होते. एखाद्या लेखकाने ती गाळली असती तर कोणी तक्रार केली असती काय? मंडळीचे विरोधक तेव्हाही होते, आणि त्यांच्या हाती दगड जाईल ही शंका त्या काळीही घेता आली असती. तरी चौघांनी ती लिहिली. कोंबडा आरवला, तो चारही ग्रंथांत आरवला. कारण पेत्राचे पतन गाळले तर त्याला शोधून काढणारा प्रभूही कथेतून गळतो. पुनरुत्थित प्रभू कोणाकडे आला? जे पळाले होते त्यांच्याकडे. वीरांची मालिका सोपवायची असती तर पहिल्या मंडळीने दुसरे काही लिहिले असते. तिने क्षमा झालेल्यांची हकीकत सोपविली.

म्हणून मला वाटते की पूर्वजांचे पतन गाळून मुलांना इतिहास सांगणे हेही एक प्रकारचे हवाली करणेच आहे. ग्रंथाची काही पाने आपण स्वतःच काढून देतो. कोणी सम्राट मागायला आलेला नसताना. आणि आपले मूल आपण ज्या शत्रूच्या हाती देतो त्याचे नाव निराशा. पडल्यावर त्याला वाटते, या घराण्यात पडणारा मीच पहिला.

अर्थात सत्य सांगण्यालाही वेळ आणि रीत असते. आठ वर्षांच्या मुलीला मी छळाची वर्णने सांगत नाही. त्यांची तिला गरज नाही. ज्या कथेत कोणी पडतो, ती त्याच्या परतीपर्यंत पोहोचल्याशिवाय तिला झोपायला पाठवीत नाही. आणि परत न आलेल्यांविषयी विचारले तर त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. मोठ्या मुलांशी बोलताना उपहासाचा सूर कटाक्षाने टाळते. पूर्वजांच्या चुका चविष्टपणे सांगणारा माणूस स्वतःला त्यांच्याहून उंच समजतो, आणि मुले माहितीच्या आधी सूर उचलतात. ज्या सिल्वानसला आपण हसतो त्याच्या जागी आपण असतो तर, हा प्रश्न आधी सांगणाऱ्याने स्वतःला विचारावा. माझ्यापुरते उत्तर मला फार आश्वासक वाटत नाही.

किर्ताच्या नोंदीच्या शेवटी एक स्त्री आहे. कोद्देओ नावाच्या वाचकाच्या घरी कारकून गेले, तेव्हा तो घरी नव्हता. त्याच्या पत्नीने सहा ग्रंथ बाहेर आणून दिले. आणखी आहेत काय, म्हणून नगराच्या गुलामाला आत पाठवून घर शोधविले. त्याला काही सापडले नाही. तिचे नावही कारकुनाने लिहिले नाही.

गेल्या मे महिन्यात नातीला मी येथवर सांगितले आणि पुस्तक मिटले. तिने हात धरून थांबविले. "आजी, सातवं होतं का गं?"

मी म्हटले, "कारकुनानं लिहिलेलं नाही."

"पण असेल ना? आणि नसलं तरी, तिला मंडळीनं परत घेतलं असेल ना?"

दोन्ही प्रश्न तिने एका दमात विचारले. मी तिला माझे भाषांतराचे टेबल दाखविले: ग्रीक प्रत, जुने मराठी बायबल आणि माझा अर्धवट मसुदा. इतक्या जाळपोळीनंतरही हे आपल्या टेबलावर आले आहे, तेव्हा कोणीतरी कोठेतरी सातवे ठेवलेच असले पाहिजे, असे मी म्हटले. दुसऱ्या प्रश्नासाठी तिला सिप्रियनपर्यंत थांबावे लागेल. ती पुढच्या सुट्टीत येणार आहे.